गाईची धार काढेपर्यंत

बाबा,

उद्या तुमची तिथी. ब्राह्मणांना आमंत्रणे गेली आहेत, वड्यांसाठी उडीद भिजत पडले आहेत, आणि सूनबाईने दर्भ व तीळ काढून देवघरापाशी ठेवले आहेत. करण्यासारखे काही उरले नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. तुम्ही गेलात त्याला एकतीस वर्षे झाली. तुमचे श्राद्ध मी एकदाही चुकवले नाही. तीन वर्षांपूर्वीचे मात्र तुम्हाला पोहोचले, असे मला म्हणवत नाही.

तुमची दाराशी उभे राहण्याची रीत मला अजून दिसते. कचेरीत जायच्या आधी, सकाळी दहाला, वैश्वदेव आटोपला की तुम्ही उपरणे सावरून अंगणात जात असा आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहत असा. गृहस्थाने जेवणापूर्वी गाईची धार काढायला लागतो तेवढा वेळ अतिथीची वाट पाहावी, अशी शास्त्राची आज्ञा. तेवढा वेळ म्हणजे किती, असे मी विचारले, तेव्हा तुम्ही संध्याकाळी मला शेजारच्या गवळ्याच्या गोठ्यात नेले आणि चरवी भरेपर्यंत तिथे उभे केले. गवळ्याला कारण कळल्यावर तो हसून म्हणाला, "बाबूजी, माह्या गाईच्या भरोशावर राहू नका. लाथ मारली तं पाहुणा जेवून, झोपून, घरी पोचते, तरी हिची धार सरत नाही." तुम्ही त्याच्याहून मोठ्याने हसलात. दुसऱ्या दिवशी आई चुलीपाशी बसून ओरडते आहे, "आले का कोणी? नाही तं या आता, भात निवून राह्यला. देव आज दुसऱ्या गल्लीत गेले वाटते." आणि तुम्ही बाहेरूनच म्हणता, "थांब, गाय लाथाळ आहे."

मी नऊ वर्षांचा असताना एके दिवशी कल्हईवाला नेमका त्या वेळी आला. परातींना कल्हई करत गावोगाव हिंडणारा एक वृद्ध मुसलमान. भाता खांद्यावर, चेहरा उन्हाने काळवंडलेला. त्या दिवशी तुम्ही देवापुढे होतात आणि दारात मी होतो. त्याने पाणी मागितले, आणि तो उपाशी असल्याचे त्याच्या ओठांवर दिसत होते. मी मात्र मोठ्या शहाणपणाने विचारले, तुम्ही कोण, कुठले, कोणाच्या घरचे? तुम्ही आतून ऐकलेत. त्याला ओट्यावर बसवून पान वाढलेत, आणि तो उठेपर्यंत त्याच्याशेजारी बसून राहिलात. मग मला पाटावर बसवलेत. मी घास उचलला की तुम्ही विचारत होतात, "गोत्र कोणते?" सांगितले. दुसरा घास. "शाखा?" सांगितली. तिसऱ्या घासाला प्रवर, चौथ्याला पणजोबांचे नाव, आणि पाचव्याला मी रडू लागलो. "पुरे करा ना आता, लेकरू हाय ते, जेवू द्या त्याले," असे आई कळवळून म्हणाली. तुम्ही ताट माझ्याकडे सरकवलेत आणि शांतपणे म्हणालात, "भूक लागली असताना उत्तरे द्यावी लागली, तर अन्न कसे लागते ते कळले ना? जेव आता." त्या घासांची चव मी साठ वर्षे विसरलो नाही. म्हणून पुढे घडले ते अधिकच लाजिरवाणे आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या तिथीला ब्राह्मण पाटांवर बसले होते आणि मी सोवळ्यात होतो. सूनबाई आत येऊन हळूच म्हणाली, "बाबा, फाटकापाशी एक आजी आली आहे. भुकेली आहे म्हणते." मी बाहेर गेलो. विटाळ नको म्हणून चार हात अंतर राखले, आणि नजर सोवळ्यात राहावी म्हणून की काय, खाली ठेवली. मला तिचे पाय तेवढे दिसले. भेगाळलेले, एका पायात निळी सपाता, दुसऱ्यात तपकिरी. ती म्हणाली, "बाप्पा, घासभर द्या जी. आमी झरीकडचे. म्हातारं दवाखान्यात पडलं हाय, कालपासून माह्या पोटात काही नाही." मी म्हणालो, "बाई, आज आमच्याकडे श्राद्ध आहे. ब्राह्मण जेवल्याविना कोणाला पान वाढता येत नाही. तासभर बसा." तिने वाद घातला नाही. उलट मलाच समजावल्यासारखी म्हणाली, "बसतो जी. मेलेल्याचं पयले, जित्याचं मंग. आमच्यातबी तसंच हाय." आणि कडुनिंबाच्या सावलीत बसली.

तो तास सरता सरता दोन तास झाले. खरे सांगतो बाबा, त्या दिवशी माझा सूर छान लागला होता. बसलेल्यांत एक गृहस्थ व्याकरणाचे पंडित होते, आणि प्रत्येक मंत्र मी त्यांच्या कानांसाठी सावकाश, स्वर सांभाळून म्हणत होतो. शेवटी मी विचारले, तृप्त झालात ना? ते म्हणाले, तृप्त झालो. पिंड झाले. गच्चीवर काकबळी ठेवायचा अवकाश, कावळा उतरला आणि त्याने भाताला चोच लावली. सगळे आनंदले. "आत्मा संतुष्ट आहे," असे पंडितजी म्हणाले, आणि मी मान डोलावली. मग पान वाढून, त्यावर दोन वडे आणि खिरीची वाटी ठेवून मी स्वतः बाहेर गेलो. झाडाखाली कोणी नव्हते. अंगण मात्र झाडलेले होते. कडुनिंबाचा सगळा पाला एका कोपऱ्यात गोळा केलेला, शेजारी झाडू नीट उभा ठेवलेला. सूनबाई मागे उभी होती. ती म्हणाली, "मी नको म्हटलं तिले, बाबा. ती म्हणे, फुकटचं कसं खाऊ? मंग म्हणे, म्हातारं वाट पाहून राह्यलं असंल, आता मले जा लागते."

मी सोवळे बदलले, डबा भरला आणि ऑटो करून सरकारी दवाखान्यात गेलो. व्हरांड्यात, जिन्याखाली, पाण्याच्या टाकीपाशी गावोगावचे नातलग बसले होते. मी तिचा चेहरा पाहिलाच नव्हता, म्हणून पाय पाहत हिंडलो. एका वॉर्डाच्या दारात फरशी पुसणाऱ्या बाईने विचारले, "कोन पायजे काका? पेशंटचं नाव काय?" मी म्हणालो, माहीत नाही. "गाव?" झरीकडचे. "झरीकडचे लय हायेत. बाईचं नाव तरी?" तेही माहीत नव्हते. ती पोतेरे पिळत म्हणाली, "काका, तुमी पाहाले आले का हरवाले आले?" आलेल्याला नाव-गाव विचारू नये, हे तुम्ही रडवून शिकवलेले मी त्या दिवशी अक्षरशः पाळले होते. फक्त जेवायला घातले नव्हते. तास दीड तास फिरून तो डबा मी जिन्याखालच्या दुसऱ्याच एका बाईपुढे ठेवला. तिने मला काही विचारले नाही. झाकण उघडून ती जेवू लागली आणि मी तिथून निघालो. ते दान झाले, असे मी मानत नाही.

तेव्हापासून मीही रोज जेवणाआधी फाटकाशी उभा राहतो. आमच्या वसाहतीत आता कोणी पायी येत नाही. सूनबाईने पहिल्या आठवड्यात विचारले, "कोणाची वाट पाहून राह्यले बाबा?" नंतर तिने विचारणे सोडले, आणि ती माझे पान मी आत येईपर्यंत झाकून ठेवू लागली. निळी आणि तपकिरी सपाता मी रस्त्यावर अजून शोधतो. तिचा म्हातारा वाचला की नाही, हे मला कधीच कळणार नाही.

हे पत्र मी पोथीच्या रुमालात बांधून ठेवणार आहे. दुसरीकडे पाठवायचे तरी कुठे? पण बांधण्यापूर्वी एक सांगायचे राहिले. मंदिरातल्या प्रवचनात मी ही कथा सांगतो, बाबा. "एक गृहस्थ होते," अशी सुरुवात करतो. ऐकणाऱ्या बायका डोळे पुसतात. श्राद्धकाळी अवचित आलेला अतिथी आधी तृप्त करावा, त्याला उपाशी ठेवले तर श्राद्ध निष्फळ होते, असेही एक शास्त्रवचन आहे. तुम्हीच ते माझ्याकडून पाठ करून घेतले होते. प्रवचनात मी म्हणतो की त्या गृहस्थाला ऐन वेळी ते आठवले नाही. आठवले होते. फाटकापाशी, तिचे पाय पाहत उभा असतानाच आठवले होते. आणि आत पाटावर पंडितजी खोळंबले होते.