बाकी दोनशे रुपये

भोर, गुरुवार सकाळ

प्रिय दोस्त धनाजी ड्रायव्हर यास जलाल कंडक्टरचा सलाम आणि रामराम, दोन्ही. (तुला हवा तो ठेव, उरलेला फुलावहिनींना दे.) गुडघ्याचं कसं आहे? ऑपरेशन केलंस, का नुसतंच गावभर सांगत फिरतोयस? वहिनींची साखर कशी आहे? भात काढून झाला असेल. हितं मी ठीक. ठीक म्हणजे जेवतो, झोपतो, सकाळी दार उघडतो आणि संध्याकाळी लावतो. (फोनवर तू ओरडतोस आणि मला रडू येतं, म्हणून पत्र.)

आता तुझा भिमा. तुझाच म्हणायचं, कारण तूच त्याला गुंजवण्याहून आणून माझ्या मागच्या दोन खोल्यांत घातलास. पोरगा सोन्यासारखा आहे, भाड्याची काळजी सोड, हे तुझेच शब्द. बाबा रे, सोन्यासारखा आहे, पण भाडं पाच तारखेला द्यायचं असतं हे त्याच्या गावीच नाही! टेम्पो चालवतो, व्यापारी फेऱ्यांचे पैसे थकवतात म्हणे, त्याला मी काय करू? पाचाची बारा होते, बाराची पंधरा. मग मी टोपी घालायची, अंगण ओलांडायचं (सात पावलांचं आहे, पण टोपी घातली की वसुलीचा रुबाब राहतो) आणि दारात उभं राहून खाकरायचं. भिमाची बायको शेफाली म्हणणार, "चाचा, आत या की. ह्ये येतीलच आता." लेकीसारखी पोर बसा म्हणते तर उभं कसं राहायचं? बसलो की चहा येतो. चहामागून त्यांची राजनंदिनी येते. पहिलीत आहे. तिकिटाला भोक पाडायचा माझा जुना चिमटा मी तिला दिलाय, तो वाजवत येते, वहीचे कागद फाडून मलाच वेल्ह्याचं तिकीट देते. म्हातारा आहे, अर्धं दे म्हटलं तर गाडीतून उतरवते. मग भिमा येतो, मग भाकरी होते, आणि भाड्याचं विचारायचं राहूनच जातं. अशानं कुठं वसुली होते का, तूच सांग!

माझी अजीजुन्निसा होती तेव्हा हे खातं तिच्याकडं होतं. दारातूनच हाक मारायची आणि दोन मिनिटांत पैसे घेऊन परत यायची. तिला जाऊन आता दोन वर्षं होतील. तिच्या माघारी वसुली माझ्यावर पडली आणि मला ती जमली नाही, हे कबूल करतो.

दोन महिन्यांमागं पुण्याहून फरदीन आला. (माझा मुलगा वर्षातून तीनदा येतो आणि तिन्ही वेळा माझं कपाट आवरतो.) त्याला भाड्याच्या चिठ्ठ्या सापडल्या. तुला ठाऊक आहे, सुटे नसले की मी पॅसेंजरच्या तिकिटामागं बाकी लिहून द्यायचो. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. प्रत्येक चिठ्ठीमागं माझ्या हातानं लिहिलेलं, बाकी २००. एक महिना सुटलेला नाही. ते दोनशे भिमानं नंतर दिले हे मात्र कुठंच लिहिलेलं नाही. फरदीन भडकला. हा माणूस तुम्हाला बनवतोय अब्बा, म्हणाला, आणि भिमाला फोनवर नाही नाही ते बोलला. एक तारखेला पूर्ण भाडं मोबाईलवर टाक, नाहीतर खोल्या खाली कर. मी शेजारीच बसलो होतो. तोंडातून शब्द काढला नाही.

तेव्हापासून एक तारखेला सकाळी सहालाच माझा मोबाईल टुंग करतो. पूर्ण भाडं. टोपी खुंटीला. धनाजी, तीस वर्षं भरल्या गाडीत उभा राहिलेला माणूस मी, आता दिवसभर माझ्याशी बोलायला कुणी नाही रे. लई एकटं वाटतं. अंगणापलीकडून पोरीच्या चिमट्याचा आवाज येतो, पण कुठल्या तोंडानं जाऊ? भाडं तर आलंय.

म्हणून परवा मी एक गाढवपणा केला. टोपी घातली, गेलो आणि म्हणालो, या महिन्याचं भाडं पोचलं नाही. भिमानं मोबाईल पुढं केला. पैसे गेलेले, तारखेसकट. मग म्हणाला, "चाचा, आमी गरीब हाय, लबाड न्हाई." शेफालीनं आत या म्हटलं नाही. काल कळलं, त्यांनी उत्रोलीत खोली बघितलीय. रविवारी सामान टेम्पोत भरणार.

असो. गुडघ्याला जप. चढाचा रस्ता टाळ. वहिनींनी पाठवलेलं लोणचं अजून पुरवून खातोय.

तुझा,
जलाल

ता. क. चढाचा रस्ता टाळ हे शनिवारनंतर. शनिवारी पहिल्या एसटीनं भोरला ये. टपालानं रविवार उलटेल, म्हणून हे पत्र तुझ्याकडं येणाऱ्या वेल्ह्याच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतोय. भिमा तुझा शब्द मोडत नाही. त्याला सांग, खोटं म्हातारा बोलला, तू नाहीस. जाऊ नको म्हणावं. मला शरम वाटते, माझ्यानं त्याच्यासमोर उभं राहवत नाही.

आणखी एक. भाडं बत्तीसशे. भिमा दर महिन्याला पाचशेच्या सात नोटा पुढं करायचा. मी सहाच घ्यायचो, सुटे नाहीत म्हणायचो आणि बाकी २०० लिहून घरी यायचो. अरे, कंडक्टरच्या घरात सुटे नाहीत! डबा भरलेला होता. पण बाकी राहिली तरच पुन्हा जायला कारण, म्हणून दोनशेसाठी चार-चार फेऱ्या मारायचो. पोरगं एकदाही उलटून बोललं नाही. फरदीनला हे सांगायचंय. तू आलास की तुझ्यासमोर फोन लावतो, एकट्यानं जमत नाही.

शेवटचं. एवढं करूनही ते गेलेच, तर तुझ्या गोठ्याशेजारची खोली रिकामी आहे का ते कळव. मी भाड्यानं येतो. भाडं वेळेवर मिळणार नाही, आधीच सांगतो. रोज संध्याकाळी मागायला यावं लागेल.