यजमान आणि माझ्या तीन खुंट्या

तीर्थरूप अक्का,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तो खुर्चीतूनच गोड मानून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? माझी तब्येत उत्तम, कान तर नको इतके उत्तम. शिवणयंत्राचा नुसता आवाज ऐकून मी त्याचं दुखणं सांगायचो, त्या कानांवर दुकान उभं केलं, आणि त्याच कानांनी परवा माझी फजिती केली.

तुझ्या लेकीकडे चार दिवस म्हणून आलो, ते दिवस लांबले. कपडे अडकवायला जागा नाही म्हणून भिंतीत तीन खुंट्या ठोकल्या. दुपारी पडलो होतो. पंखा हलक्या हाताने शिवण घालत होता, पडद्यातून पिवळं ऊन गादीवर येऊन बसलं होतं, मी निम्मा जागा आणि निम्मा कुठेतरी पाण्यावर. पलीकडे भाची फोनवर सांगत होती, "गुपचूप आत शिरतो, मग खुंट्या लावतो आणि भिंतीला जो चिकटतो, तो हलायचं नाव नाही! सगळं यजमानाच्या जिवावर." अक्का, हल्लीच्या मुली नवऱ्याला यजमान म्हणत नाहीत. म्हणाली, म्हणजे प्रकरण जावईबापूंपर्यंत गेलं! उठलो, खुंट्या उपसल्या, पेटी भरली.

भाची आली. भोकं पाहिली, पेटी पाहिली. "मामा, हे काय?" म्हटलं, "तुझ्या यजमानांना माझा त्रास नको." "माझे कोण?" आणि उलगडा झाल्यावर पेटीवरच बसून इतकी हसली, की पेटीची कडी तुटली. ती बोलत होती हिवतापाच्या परजीवीबद्दल (प्रयोगशाळेत तिचं तेच काम). तो ज्याच्या अंगात राहतो, तो यजमान. तांबड्या पेशीत शिरतो आणि आपली प्रथिनं तिच्या पृष्ठभागावर पाठवतो. तिथे बारीक उंचवटे येतात, त्या खुंट्या. त्यांवरच्या चिकट प्रथिनांमुळे पेशी रक्तवाहिनीची भिंत धरून राहते. हात सुटला तर वाहत पांथरीत (प्लीहेत) जाईल, आणि पांथरी म्हणजे रक्ताची गाळणी, बिघडलेली पेशी तिथे हमखास पकडली जाते. वाहिन्या अशा तुंबल्या की माणसं दगावतात, म्हणून ती पकड सोडवायची कशी, हे ती शोधते.

पुन्हा पडलो, तर डोळ्यांपुढून तांबडी बटणं संथ वाहू लागली. त्यातलं एक भिंतीला धरून होतं. मला त्याची कीव आली (तिला सांगू नकोस). दुकान विकल्यापासून माझ्या घरात ऐकण्यासारखं काय आहे? फ्रीज. इथे भाची गुणगुणते, जावईबापू चमचा कपात उगाच ढवळत बसतात.

असो. लोचटपणा आपल्या घराण्यात नाही. रविवारी निघतो.

तुझा,
धाकटा

ता. क. पेटीची कडी तुटल्याने रविवारचं कठीण दिसतं.

ता. क. दुसरा. खुंट्या भाचीनेच परत ठोकल्या. तीन होत्या, चार ठोकल्या. चौथी कशाला विचारलं, तर म्हणाली, "हिवाळी कोटाला." तेव्हा माझ्या घराची किल्ली तुझ्याकडे आहेच, कोट पाठवून दे. (उन्हाळा आत्ताच लागलाय, मला माहीत आहे.)