कल्लुगुलाबीचं पिल्लू

अक्का, तू जाऊन इतकी वर्षं झाली, की आता आईवर रुसून बसले तर घरचे मला वेड्यात काढतील. तरी कालपासून मी रुसलेय. चिकपेटच्या मागच्या गल्लीतलं आपलं घर डोळ्यांपुढे येतंय. पायरीवर तुपाचा पत्र्याचा डबा आणि त्यात तुझी कल्लुगुलाबी. कल्लु म्हणजे दगड, तो कन्नड शब्द तूच गुलाबाला जोडलास. खरं तर फूल नव्हेच ते. जाड, निळसर राखाडी पानंच पाकळ्यांसारखी गोल बसलेली, आणि बुडाशी बिलगलेली तिची पिलं. त्या पिलांचा मला किती हेवा वाटायचा, तुला कधी कळलं का?

साठ साल अजून उजाडायचं होतं, मी परकर-पोलक्यात होते. तू विटांचा चुरा आणि भरड वाळू मातीत कालवतेयस, डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडतेयस. ‘पाणी स्वल्प. माती सुकली तरच, आणि पानांच्या मधोमध नाही, कडेनं. लाड केले की कुजते गे ती,’ असं मला बजावतेयस. लाड मात्र तिचेच. आभाळ भरून आलं की तू धावत जाऊन डबा पदराखाली आत आणायचीस; मी शाळेतून निथळत आले तर चुलीपुढूनच म्हणायचीस, ‘पंचा तिथं आहे बघ.’ गळलेलं पानसुद्धा तू टाकायची नाहीस. सावलीत सुकवून वाळूवर नुसतं ठेवायचीस, मग त्याच्या देठाशी मोहरीएवढं रोप यायचं. गळल्या पानाला इतकी माया, मग आपण पोटची पोर कशाला झालो, असं वाटून मी जळायचे.

लग्न होऊन मी जयनगरला गेले आणि पहिल्याच माहेरपणाला एक पिल्लू मागितलं. ‘मागून नेलेलं जगत नाही,’ म्हणालीस, आणि ‘काफी ठेवते, स्वल्प वेळ लागेल,’ असं सांगून आत गेलीस. मी पायरीवर हात बांधून बसले. दर खेपेला हेच. मी मागायचे, तू आत जाऊन उगाच भांडी वाजवत राहायचीस, आणि बाहेर आलीस की आधी डब्याकडे बघायचीस. मला वाटायचं, पिलं मोजतेयस, माझ्यावर भरवसा नाही तुझा.

मग दादाला कारखान्याचं क्वार्टर मिळालं. वहिनी पुण्याची, तिच्या हातून तुळससुद्धा जगत नव्हती. तिच्या खिडकीत कल्लुगुलाबी दिसली आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. ‘तुम्हाला बरी दिली अक्कानं!’ मी म्हटलं. ती हसायलाच लागली. ‘दिली कुठे, वन्सं? चोरली! त्याच म्हणाल्या ना, मागून नेलेलं जगत नाही, चोरलेलं जगतं. त्या कॉफी करायला आत गेल्या, मी पिल्लू पिशवीत टाकलं. बाहेर येऊन डब्याकडे बघितलं आणि काय खूश झाल्या!’ तिला तू सगळं सांगितलंस, मला अर्धंच. की तुझी पोर म्हणून मला न सांगता कळेल, असं धरून चालली होतीस? पुढच्या खेपेला चोरायचं ठरवूनच आले, तर तू अंथरुणाला खिळलेली. डबा तुझ्या उशाशी होता आणि तुला उठून आत जाता येत नव्हतं.

तू गेल्यावर डबा माझ्याकडे आला. वारशानं आला, तरी जगला. काल माझी लेक आली होती. ‘आई, एक पिल्लू दे ना,’ म्हणाली. मी तुझंच वाक्य म्हटलं, अर्धंच, आणि आत जाऊन भांडी वाजवली. बाहेर आले तर ती पायरीवर हात बांधून बसलेली आणि पिलं जागच्या जागी. माझ्याच्यानं राहवलं नाही. ती चप्पल घालत होती तेवढ्यात एक पिल्लू काढून मीच तिच्या पिशवीत तळाशी सरकवलं. तुलाही एकदा तेवढं करता आलं असतं.

हे तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. ती पिशवी खांद्याला लावून कोपऱ्यावरून वळली, आणि मला माझ्याच लेकीचा हेवा वाटला.