काष्टीच्या बाजारात राहिलेल्या तीन मॅडम

प्रिय मार्थामावशी,

तुला तुझ्या हेलनचा प्रभूमध्ये सलाम. घरातल्या सगळ्यांनाही सलाम. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुला आता लांबचं स्वच्छ दिसतं, असं तुझा जेम्स फोनवर म्हणाला. (त्यामुळे चर्चमध्ये मागच्या बाकावर कोण डुलक्या घेतं तेही तू आता नावानिशी सांगतेस म्हणे. ऑपरेशन इतकं चांगलं व्हायला नको होतं, असं संगमनेरात बऱ्याच जणांना वाटत असणार.) थेंब वेळेवर घालत जा आणि चुलीपुढे बसू नकोस. आम्ही इकडे नगरला सुखरूप आहोत. पत्त्यावर अहिल्यानगर लिहिलंय, तोंडात अजून नगरच येतं, ते चालवून घे. 'सुखरूप' हा शब्द मात्र मागच्या शनिवारी मला लिहिता आला नसता. ते सगळं फोनवर सांगायला गेले तर तू मधेच रागावशील, म्हणून पत्र.

नाताळात तू विचारलं होतंस, हेलन, तू कॉलेजात इंग्रजी शिकवतेस ते कळलं, पण ते दुसरं काय करतेस? त्या दुसऱ्याचं नाव 'महिला आंतरसांस्कृतिक नेतृत्व कार्यक्रम'. (पाटी रंगवणाऱ्याने 'आंतर' वरच्या ओळीत आणि 'सांस्कृतिक' खालच्या ओळीत लिहिल्यामुळे निम्मं कॉलेज आमच्याकडे गॅदरिंगच्या नाटकात भाग घ्यायला येतं.) सरळ सांगायचं तर वेगवेगळ्या गावांतल्या, घरांतल्या, धर्मांतल्या मुली एकत्र आणायच्या, बाहेरदेशीच्या बायकांशी त्यांची गाठ घालून द्यायची आणि चारचौघांत निर्णय घ्यायची त्यांना सवय लावायची. हे काम मी आणि राज्यशास्त्राची संस्कृती दरंदले अशा दोघी करतो. (हो, तिचं नाव खरंच संस्कृती. पाहुण्यांना नावाचा अर्थ सांगितला की ते तिच्याकडे इतक्या आदराने बघतात की ती दिवसभर कोणाच्या हाती लागत नाही.) मुली गुणी आहेत. आम्ही दोघी बोलक्या आहोत. अडचण असलीच तर तेवढीच.

यंदा फिनलंडहून अनेली नावाच्या बाई महिन्याभरासाठी आल्या आहेत. तिकडच्या कॉलेजात त्या हेच काम करतात. साठीच्या, उंच, पांढऱ्या केसांच्या आणि अतिशय गप्प. त्यांना काही विचारलं तर त्या आधी विचार करतात, आणि उत्तर येईपर्यंत आपण प्रश्न विसरलेलो असतो. आठवडाभर आमचे वर्ग बघून त्यांनी एकच गोष्ट सांगितली: तुमच्या मुली नेतृत्व करतील, पण तुम्ही दोघी त्यांना जागाच देत नाही. मला आणि संस्कृतीला हे इतकं लागलं की आम्ही त्यावर दोन तास बोललो. शेवटी असं ठरलं की शनिवारी मुलींना घेऊन कॉलेजच्या बसने काष्टीच्या आठवडे बाजारात जायचं. दिवसभराची पुढारी निकिता. आम्ही तिघींनी मागून चालायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. मोबाईलसुद्धा आवाज बंद करून, पर्सांसकट, एका पिशवीत घालून मुलींच्या ताब्यात द्यायचे.

निकिता ही सोनईची, शेतकऱ्याघरची मुलगी. बोलायला लागली की समोरच्याचं ऐकता ऐकता त्याचंच मत बदलून टाकते. अनेलीबाईंच्या कॉलेजात तीन महिने जाण्यासाठी आम्ही तिची निवड केली आहे. पण तिचे वडील मच्छिंद्रराव ठाम नाही म्हणत होते. पोरगी एकटी इतक्या लांब पाठवायची नाही, विषय संपला. त्याच शनिवारी संध्याकाळी कॉलेजात कार्यक्रम ठेवला होता. संस्थेचे आप्पासाहेब अध्यक्ष, आणि मच्छिंद्ररावांना खास निमंत्रण. त्यांचं मन वळवण्यासाठी मी एक भाषण तयार केलं होतं. आरशासमोर म्हणताना माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं, इतकं ते चांगलं होतं.

काष्टीचा जनावरांचा बाजार म्हणजे माणसांपेक्षा शिंगं जास्त. मुली पुढे, आम्ही मागे. निकिता मुलींना चुकीच्या गल्लीत घेऊन चालली होती, मला दिसत होतं आणि मी गप्प होते. (मावशी, बाळंतपणात मी एवढं सोसलं नाही.) संस्कृती ओठ दाबून लाल झाली होती. अनेलीबाई तेवढ्या मजेत चालल्या होत्या, आणि चालता चालता एका पांढऱ्या शेळीपाशी थांबल्या. शेळीचा मालक कारभारी नावाचा भला माणूस. आपल्याकडे रुमालाखाली हात धरून, बोटं दाबून सौदा करतात ते तुला माहीत आहे. बाईंनी शेळीची मान खाजवली, तसा कारभारींनी त्यांच्या हातावर रुमाल टाकला आणि बोटं दाबली. बाईंना वाटलं, ही इथली नमस्काराची पद्धत. त्यांनीही मनापासून दाबली. कारभारींनी पुन्हा दाबली. बाईंनी जास्तच प्रेमाने दाबली. भोवती माणसं जमली, कोणीतरी शाबास म्हणालं, आणि शेळीचं दावं बाईंच्या हातात आलं.

आम्ही दोघी हे सगळं बघत होतो आणि नियम पाळत होतो. बाईंनी शेळी घेऊन चालायला सुरुवात केली तेव्हा संस्कृतीचा बांध फुटला, आणि एकदा फुटल्यावर सकाळपासूनचं सगळं बाहेर आलं. कारभारींना समजावण्यात, त्यांनी हसून हसून उपरण्याने डोळे पुसण्यात, बाईंनी शेळीची माफी मागण्यात बराच वेळ गेला. आम्ही बसच्या जागी पोचलो तेव्हा तिथे एक बैलगाडी उभी होती. मुली वेळेवर निघून गेल्या होत्या. निकिताने शिकवल्याप्रमाणे मुली मोजल्या होत्या आणि त्या बरोबर भरल्या होत्या. मॅडमना मोजायचं तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

आता बघ, नेतृत्व शिकवणाऱ्या तिघी एका लिंबाखाली उभ्या. संस्कृतीचं म्हणणं, हरवलेल्या माणसाने जागा सोडू नये. माझं म्हणणं, एसटी स्टँडवर जाऊन कोणाच्या तरी पाया पडू. अनेलीबाईंचं म्हणणं, तिघींचं एकमत होईपर्यंत काहीच करू नये. मग आम्ही एकमत करत बसलो. शेवटी कारभारीच हुडकत आले. "फोन लावा की माझ्याकडनं," म्हणाले. मुलींचे नंबर कोणाला पाठ नव्हते, म्हणून आमच्या तिघींच्याच फोनवर लावून पाहिलं. पिशवीतले मुके फोन, कोण उचलणार. मग ते म्हणाले, "मी नगरकडंच चाललोय बहिणीकडं. टेम्पोत बसा. पन म्होरं एकच जन मावंल." पुढे तू बस, तू बस करत आम्ही इतका आग्रह केला की शेवटी तिघीही मागे शेळ्यांमध्ये बसलो आणि पुढची जागा रिकामी राहिली.

कोळगावच्या अलीकडे टेम्पो पंक्चर झाला. स्टेपनी आधीच पंक्चर. कारभारी चाक घेऊन कोणाच्या तरी मोटारसायकलवरून गेले आणि जाताना शेळ्या आमच्यावर सोपवून गेले. ऊन उतरत होतं. मी घड्याळ बघून म्हटलं, आता आप्पासाहेब आले असतील. आता मच्छिंद्रराव पहिल्या रांगेत बसले असतील, आणि मी नाही म्हणून उठून चालले असतील. एका मुलीचं सगळं पुढचं आयुष्य माझ्या त्या भाषणावर टांगलेलं, आणि मी इथे रस्त्याकडेला. मला रडूच आलं, मावशी. संस्कृतीने पदर पुढे केला. अनेलीबाई नुसता माझा हात धरून बसल्या. त्या बाईचं न बोलणं किती उबदार आहे हे मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात समोरून एक पिकअप आली आणि करकचून थांबली. आतून निकिता उतरली. मागून तिचे वडील.

झालं होतं असं. बस बरीच पुढे गेल्यावर एका मुलीने विचारलं की आज इतकं शांत का वाटतंय. मग शोधाशोध झाली. थोडी रडारडही झाली. निकिताने पिशवी उघडली, तिन्ही फोनवर एकाच अनोळखी नंबरचे मिस्ड कॉल दिसले, तिने लावला तर कारभारी पंक्चरच्या दुकानात. ठिकाण कळलं. मुलींना तिने सांगितलं, तुम्ही कॉलेजात जा आणि कार्यक्रम सुरू करा, कोणी थांबायचं नाही. कोण स्वागत करेल, कोण बोलेल, सगळं बसमध्येच वाटून दिलं. सोनईहून नगरला येऊन ठेपलेल्या वडिलांना फोन करून रस्त्यातच बोलावून घेतलं, स्वतः बसमधून उतरली आणि त्यांच्या गाडीतून आमच्याकडे निघाली.

मच्छिंद्ररावांनी आमच्याकडे एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. माझ्या केसांत कडबा होता. ते मुलीला म्हणाले, "ह्याच का त्या मॅडम? काष्टीच्या बाजारात हरवत्यात, आन ह्यांच्या भरवशावर तू परदेशात जायाचं म्हनती?"

मॅडमच हरवू शकतात हे माझ्या भाषणात कुठेच धरलेलं नव्हतं.

निकिता म्हणाली, "त्यांच्या भरवशावर कुठं दादा. ह्या तिघी हरवल्या, तर हुडकल्या कुनी?"

कारभारी चाक घेऊन परत येईपर्यंत मच्छिंद्ररावांनी आम्हाला हलू दिलं नाही (शेळ्या सोडून जायचं नसतं म्हणाले), मग चाक बसवायलाही लागले, आणि आम्हा तिघींना पिकअपच्या मागच्या सीटवर बसवून नगरकडे निघाले. मी खिडकीतून बाहेर बघत मनात प्रार्थना करत होते. नगरच्या वेशीपाशी ते आरशातून अनेलीबाईंकडे बघत मुलीला म्हणाले, "इचार त्यांना. तिकडं थंडी लई असती का?"

निकिताने विचारलं. बाईंनी, मी पहिल्यांदाच पाहिलं, विचार न करता लगेच उत्तर दिलं, "हो, खूप."

"मंग लोकरीचं आत्तापासनंच घ्याया पायजे," ते म्हणाले आणि गिअर बदलला. निकिता समोर बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते.

कॉलेजात पोचलो तेव्हा कार्यक्रम उरकून मुली खुर्च्या गोळा करत होत्या. उत्तम झाला होता. आप्पासाहेबांनी भाषणात पडद्यामागे राहून काम करणाऱ्या आमच्या दोघींचं विशेष कौतुक केलं म्हणे. आम्ही नव्हतो हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मला आधी वाईट वाटलं. मग मुलींकडे बघितलं. सगळ्या एकदम बोलत होत्या, कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं, आणि कामं मात्र होत होती. मी आणि संस्कृती पायरीवर बसलो आणि, मावशी, खरंच सांगते, काहीही सुचवलं नाही.

सगळ्यांना माझं प्रेम सांग. तुझ्या प्रार्थनेत आम्हाला, आणि जमलं तर कारभारींनाही ठेव.

तुझीच भाची,
हेलन

ता. क. मच्छिंद्रराव हो म्हणाले, पण घरात त्यांच्या आई साळूबाईंचा होकार बाकी आहे, आणि तिथे आम्हा तिघींपैकी कोणी यायचं नाही असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. "तुमच्यात कोनी मोठं मानूस हाय का?" असं विचारलं. मी तुझं नाव सांगून बसले. येत्या रविवारी चर्च सुटल्यावर तुला सोनईला न्यायला पिकअप येईल. इस्त्रीची साडी काढून ठेव.

ता. क. दुसरा. कॉलेजच्या अहवालात आम्ही या प्रकाराला 'नियोजित नेतृत्व हस्तांतरण' असं नाव दिलं आहे. अनेलीबाईंना ही पद्धत इतकी आवडली की त्या ती फिनलंडातही सुरू करणार आहेत. खरं काय ते तुझ्यापाशीच ठेव.

ता. क. तिसरा. आत्ताच निकिताचा फोन आला होता. मार्थाआजींना आणायला कोणी यायचं, असं विचारत होती. मी म्हटलं, तूच ठरव. तिने ठरवलंय. पिकअप ती चालवणार आहे आणि दादा शेजारी बसणार आहेत. लायसन आहे, मी विचारलं.