लिंबावर चालवलेली मशीन

अण्णा, मी लाकडं कापायची मशीन घेतली. पेट्रोलवर चालणारी, अठरा इंची पात्याची, भडक केशरी रंगाची. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्ही असता तर सगळ्यात आधी यावरूनच मला झोडपलं असतं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी दुकानाच्या पायरीवरून मी दोनदा माघारी फिरलो. पन्नाशीचा माणूस, शाळेत विज्ञान शिकवतो, पोरांना वीज आणि चुंबक समजावून सांगतो, आणि मेलेल्या बापाच्या धाकानं दुकानासमोर चपलेतला नसलेला खडा काढत उभा राहतो. माझं मलाच हसू आलं. मग चहा पिऊन तिसऱ्यांदा गेलो.

मशीन घ्यायचं कारण अंगणातला कडुलिंब. दोन वर्षांपूर्वी त्याचे शेंडे तांबडे पडले, मग पानं गेली, आणि आता तो नुसता वाळलेला सापळा होऊन मायच्या खोलीवर वाकून उभा आहे. गेल्या उन्हाळ्यात वावधान सुटलं तेव्हा एक फांदी पत्र्यावर आली आणि पत्रा दबून खाली मायच्या बाजेपासून हातभरावर थांबला. मी म्हटलं, झाड काढू. माय म्हणाली, "मी मेल्यावर काढ." मी म्हटलं, मग तू तरी दुसऱ्या खोलीत झोप. ती म्हणाली, "मला हितंच झोप लागती." बदनापूरला माझ्याकडे चल म्हटलं तर ऐकलंच नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई त्या झाडाखाली झोपते, वारा सुटला की मी बदनापुरात पांघरूण फेकून उठून बसतो, आणि तिला काय म्हणायचंय ते मला काही केल्या कळत नाही. माय हट्टी आहे हे तुम्हालाही माहीत, पण तिच्या हट्टाला नेहमी काहीतरी कारण असायचं. या हट्टाला कारणच सापडेना.

म्हणून मी आडवळणानं घ्यायचं ठरवलं. गॅस असूनही अंघोळीचं पाणी तिला चुलीवरचंच लागतं, आणि त्यासाठी ती अजून स्वतः तुमची कुऱ्हाड चालवते. तेव्हा मशीन सरपणासाठी, असं सांगायचं. एकदा घरात आली की लिंबाचंही बघता येईल.

आता मशीन निवडणं म्हणजे काय ताप असतो, ते तुम्हाला कुठून माहीत असणार! महिनाभर मी फोनवर व्हिडिओ बघत होतो. सगळे गोरे लोक, डोक्याला टोप, कानाला झाकण, आणि समोर सुरूसारखी सरळसोट मऊ झाडं. एकजण म्हणतो बॅटरीची घ्या, दुसरा म्हणतो बॅटरीची म्हणजे खेळणं. कुणी सोळा इंच सांगतो, कुणी बावीस. वाळलेल्या लिंबाबद्दल आणि हट्टी म्हातारीबद्दल कुणीच बोलत नाही. जालन्याच्या दुकानात तीन मशिनी समोर मांडल्या तेव्हा माझी मती गुंग झाली. दुकानदारानं मला वरून खालून पाहिलं आणि विचारलं, "सर, घरचं सरपण कापायचंय का धंदा करायचाय, पहिले ते बराबर सांगा." घरचं, म्हटलं. "लाईट कशी हाये गावात?" मी नुसता हसलो. "मंग लाईटवरची कटाप. लाकूड कोणतं?" बाभूळ, आणि वाळलेला लिंब. "मंग बॅटरीवालीबी बिलकुल न्हाई. काटक्यांना ठीक हाये, खोडाला दम तोडती. अठरा इंची पेट्रोलची घ्या. बावीसची घेऊ नका, तुमच्या मनगटाला झेपायची न्हाई." एवढं स्पष्ट मला बायकोनंही कधी सांगितलं नव्हतं. पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं, चेनचं ऑइल वेगळं कुठे टाकायचं, दात बोथटले की गोल कानस कशी फिरवायची, हे त्यानं दाखवलं. एक जादा चेन पिशवीत टाकली. आणि म्हणाला, "पात्याचं टोक लाकडाला लागू देऊ नका. मशीन उसळून तोंडावर येती. आणि खिळा बघून घ्या." मी मान डोलावली. खिळ्याचं मला कुणी सांगायची गरज आहे, असं मला वाटलं नाही.

तुम्ही कामाला होता ती लाकडाची वखार मला अजून दिसते. जालन्यात मस्तगडच्या पुढे, भुशानं पिवळी पडलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी डबा घेऊन आलेलो आहे, आणि तुम्ही आरा मशीनवर चढवलेल्या ओंडक्यावरून डावा हात फिरवताय. त्या हाताला तीनच बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मी कधी पाहिलंच नाही, माझ्या जन्माआधी एका ओंडक्यातल्या खिळ्यावर पातं तुटलं आणि ती गेली. त्या तीन बोटांनी तुम्ही सगळं लाकूड चाचपता, मध्येच थांबता, एका गाठीवर पटाशी लावून हातोडा मारता, आणि आतून गंजलेला खिळा निघतो. तुम्ही तो माझ्यासमोर धरता. "ह्यो बघ. कुण्या हरामखोरानं झाडात ठोकला. त्याचं काय गेलं? गेलं माह्यं." वखारीचे शेठ हसतात. तुम्ही हसत नाही.

आणि ती थोबाडीत. सातवीत होतो मी. दप्तर अडकवायला लिंबात खिळा ठोकला. तुम्ही स्टेशनवरून चालत आलात, खिळा पाहिला, पिशवी खाली ठेवली आणि माझ्या कानाखाली काढली. आयुष्यात तेवढी एकदाच. मग पक्कड आणून दिली आणि म्हणालात, "काढ. आत्ताच्या आत्ता काढ." खिळा निघेपर्यंत तुम्ही उभे होता, आणि तुमचे डोळे खिळ्याकडे नव्हतेच, झाडाच्या बुंध्याकडे होते. तेव्हा मला वाटलं, किती हा राग! पण अण्णा, त्या दिवसापासून आजपर्यंत मी भिंत सोडून कशातही खिळा ठोकलेला नाही.

मशीन घरी आली. मायनं ती बाजेखाली ठेवायला जागा दिली, हळदकुंकू लावलं आणि आवाज ऐकून कानात पदर कोंबला. पण दोन रविवारांत बाभळीच्या ढिगाचं सरपण झालं तेव्हा तिनं एकेक तुकडा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "सारखे केले रे सगळे. तुह्या बापाचे वाकडे व्हायचे." मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू. त्या आनंदातच मी चूक केली.

मागच्या महिन्यात माय कुंभार पिंपळगावला ताईकडे गेली, बाजार करून संध्याकाळी येते म्हणाली. मी चुलतभावाला बोलावलं. सकाळी त्यानं वर चढून फांद्या दोर बांधून खाली उतरवल्या, आणि खोलीवर कललेलं खोड तेवढं राहिलं. व्हिडिओत सगळे सांगतात की झाड बुडाशी कापा. पण बुडाशी कापायचं म्हणजे वाकायचं, आणि माझी कंबर आता वाकत नाही. मी कमरेच्या जरा वर, हाताला सोयीचं पडेल तिथे पातं लावलं. साल मी चाचपली होती, तुमच्यासारखीच. काही लागलं नाही. मशीन चार बोटं आत गेली आणि एकदम ठिणग्या उडाल्या, खाडकन आवाज झाला, चेन तुटून कव्हरवर आपटली. भाऊ ओरडला, "बंद कर, बंद कर!" मी मशीन बंद केली. दहाही बोटं मोजली. मग मी तुमच्याच पटाशीनं खाच मोठी केली. आत, सालीपासून चार बोटं खोल, हातभर लांबीचा नव्हे पण चांगला वीतभर लोखंडी खिळा होता. बाहेर कसलीही खूण नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाड त्याच्यावर चढत गेलेलं.

तेवढ्यात माय आली. भाजीची पिशवी तिनं दारातच टाकली. ती मला रागावली नाही, झाडाकडे धावली आणि खाचेवर तळहात ठेवून विचारू लागली, "खिळा काढला का? सांग, काढला का?" नाही काढला, म्हटलं. तेव्हा कुठे ती खाली बसली.

मी सहा वर्षांचा होतो, मला तापात झटके यायचे, हे मला माहीत होतं. जालन्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, हेही माहीत होतं. पुढचं आजपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. माय म्हणाली, "एका जाणत्यानं सांगितलं, पोराला लिंबाला उभं करा, त्याच्या टाळूच्या उंचीवर खिळा मारा, दुखणं तिथंच अडकन. तुह्या बापानं त्याला शिव्या घातल्या, हाकलून देल्लं. मंग तुला तिसऱ्यांदा झटका आल्ता, डोळे पांढरे झाले. तवा उठले अन् स्वतः गेले. तीन बोटात खिळा धरला. ठोकू राह्यले अन् रडू राह्यले."

"आणि मग मी गोळ्यांनी बरा झालो की खिळ्यानं?"

"दोन्ही केलं," माय म्हणाली. "कशानं बरं झालास ते तुहं तू बघ. तू शिकवतो ना पोरायला."

अण्णा, मला यातलं काहीच नीट लावता येत नाही. ज्या माणसाची बोटं खिळ्यानं गेली त्यानं खिळा ठोकला. ज्यानं ठोकला त्यानं मला दप्तराच्या खिळ्यासाठी मारलं. तुम्हाला ते पटलं होतं का? की पटलं नसताना केलं? मला मारलंत ते झाडासाठी, की तुमचा खिळा ढळेल या भीतीनं? आणि माय. झाड पाडताना खिळा निघाला तर माझं दुखणं मोकळं होईल म्हणून ती दोन वर्षं राखण करत त्या वाकलेल्या खोडाखाली झोपत होती, आणि मी तिला हट्टी म्हणत होतो. मला लाज वाटली. रागही आला, तुमचा दोघांचा, की एवढं मोठं काही करून ठेवता आणि सांगत नाही.

पण खोड तसंच वाऱ्यावर सोडून चालणार नव्हतं. मी जादा चेन चढवली, खिळ्याच्या वीतभर वर पातं लावलं, भावानं दोर ताणला, आणि खोड अंगणाच्या मोकळ्या बाजूला पडलं. मायची खोली वाचली. राहिला तो कमरेच्या वरपर्यंतचा खुंट, आत खिळा घेऊन. पडलेल्या लाकडाचं सरपण करायला दोन रविवार गेले.

पुढच्या रविवारी भाऊ म्हणाला, खुंट कशाला ठेवतो, अंगणात अडचण, बुडाशी कापून टाकू. माय चुलीपुढे बसून ऐकत होती. मी म्हटलं, राहू दे, मायच्या समाधानासाठी ठेवलाय. मायला बरं वाटलं हे दिसलं. वर्गातल्या पोरांना सांगेन तेव्हाही असंच सांगेन, म्हाताऱ्या माणसाच्या श्रद्धेखातर.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो. खोड पाडलं त्या दिवशी भाऊ चहा प्यायला आत गेला तेव्हा मी मशीन सुरू केली होती आणि खुंटाच्या बुडाशी वाकलो होतो. पातं लावलं आणि माझा हात पुढे जाईना. मी मशीन बंद केली. मायसाठी नाही, अण्णा. मी घाबरलो.