टाइल्सवाल्यांचा कोपरा

४ ऑक्टोबर, रविवार

आजपासून रोजनिशी. यापुढे माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं बरंच घडणार आहे.

दोन माउंटन बाइक आणल्या. एक मला, एक चिमीला. गावाबाहेरच्या राखीव जंगलात सायकलींसाठी वाटा आखल्या आहेत. हिरवी वाट नवशिक्यांची, निळी मध्यम, आणि लाल म्हणजे ज्यांना खरोखर काही येतं त्यांची. सायकलवाल्याचं म्हणणं, सुरुवातीला हिरवीच बरी. त्याला सांगितलं की शाळेत असताना मी हँडल सोडून सायकल चालवायचो. त्यावर त्याने न विचारता दोन हेल्मेटं पुढे ठेवली. छाप पडली असावी.

खरं कारण इथे लिहून ठेवतो, ही वही कुणी वाचणार नाही. चिमी पुढच्या वर्षी शिकायला बाहेरगावी जाणार. लहानपणी माझ्या सायकलच्या दांडीवर बसायची तेव्हा तोंडाला खळ नसायचा. आता पोरगी घरात असते म्हणजे तिच्या खोलीचं दार बंद असतं. काही विचारलं की हं म्हणते. रविवार तरी आमच्या दोघांचे असावेत.

संकल्प: महिन्याभरात लाल वाट. वजन कमी. रोज सकाळी जोर.

५ ऑक्टोबर

जोर उद्यापासून. आज सोमवार, माझ्या टाइल्सच्या शोरूमला माल येतो.

११ ऑक्टोबर, रविवार

पहिली फेरी. थेट निळी वाट. हिरव्या वाटेवर एक आजोबा नातीला घेऊन चालले होते, तिथे मी शोभलो नसतो.

जंगल फार जुनं. तिघांनी हात धरले तरी कवेत येणार नाहीत असे बुंधे. एका वळणावर सगळ्यात म्हातारं झाड आहे, पोटातून पोकळ, आणि त्याचं मांडीएवढं जाड मूळ वाटेवर आडवं आलंय. तिथे पडलो.

चूक मुळाची. चिमी पार झाली, पण तिला वजनच नाही. ती पुढच्या वळणावर थांबली होती. दम लागला असणार. मी लंगडत गेलो आणि तिला धीर दिला की होईल हळूहळू सवय.

गुडघा सुजलाय. बायकोला सांगितलं, शोरूममध्ये टाइल्सची पेटी लागली.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

नव्या सेल्समनने लंगडण्याचं कारण विचारलं. त्याला सगळा प्रसंग सांगितला, मूळ वगळून. त्याने विचारलं, घसरलात का साहेब. वीस वर्षं अँटी-स्किड टाइल्स विकतोय मी. घसरणे या विषयावर मला कुणी शिकवू नये.

१८ ऑक्टोबर, रविवार

मूळ. पुन्हा. मागच्या वेळी उजवीकडे पडलो होतो, आज डावीकडे. म्हणजे प्रगती आहे.

चिमीचं म्हणणं, मुळावर चाक असताना ब्रेक दाबायचा नसतो. पोरीला काय कळतंय. ब्रेक मग असतात कशाला.

शिट्टीवाली भेटली. ही इथली वनरक्षक. कुणी वाटेबाहेर गेलं की शिट्टी फुंकते. मी पाचोळ्यात उताणा पडलो होतो तरी फुंकली. तिला समजावलं की एवढं मूळ कापून वर खरखरीत टाइल बसवा, मी लावून देतो. ती म्हणाली, या जंगलात पडलेली काडीसुद्धा हलवायची परवानगी नाही. म्हटलं, आणि मी पडलोय त्याचं काय. म्हणाली, तुम्हाला हलवायला परवानगी आहे.

वरपर्यंत जाणार हे प्रकरण. अर्ज करतो.

२५ ऑक्टोबर, रविवार

भुरभुर पाऊस. बुद्धीने निर्णय घेतला, गेलो नाही. चिमी एकटीच गेली. आली ती गुडघ्यापर्यंत चिखल आणि गाल लाल. स्वयंपाकघरात आईला काहीतरी हसून सांगत होती. मी गेलो तर दोघी भांडी आवरायला लागल्या.

जोर: उद्यापासून नक्की.

१ नोव्हेंबर, रविवार

मूळ. (कोपर.)

पण एक चांगलं झालं. पडलो की आजूबाजूचे धावत येतात, आणि प्रत्येकाला मी शोरूमचं कार्ड देतो. सगळे टाइल्सवाले म्हणून हाक मारायला लागलेत. चिमी तेवढा वेळ झाडाआड जाऊन उभी राहते. लाजाळू आहे, आईवर गेलीय.

जंगलाच्या फाटकाशी लाकडी फलकावर नकाशा रंगवलाय. वाटेवरच्या जागांना नावं आहेत. चष्मेवाल्यांचा उतार. डॉक्टरांची घळ. मामांचं वळण. मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. कोण असतील ही माणसं? काय सायकल मारत असतील! आपलंही नाव तिथे लागावं असं वाटून गेलं. मग स्वतःलाच हसलो. इतक्यात नाही. वर्षभरात कदाचित.

८ नोव्हेंबर, रविवार

घाईत लिहितोय म्हणून अक्षर असं.

मुळाजवळ पाठीवर पडून आभाळ बघत होतो, तर पलीकडून दोन कॉलेजची पोरं बोलत गेली की टाइल्सवाल्यांच्या कोपऱ्यावर जपून. उठलो तो थेट सायकलवाल्याकडे. त्याने मान खाली घालून कबूल केलं की हो, नाव पडलंय खरं, नवी पाटी बावीस तारखेला लागणार आहे, सगळे जमतील, आणि तुम्ही रागावला नसाल ना?

रागावू? महिन्याभरात! चष्मेवाल्यांना किती वर्षं लागली असतील देव जाणे.

१५ नोव्हेंबर, रविवार

आज गेलो नाही. नाव लागायच्या आधी पडणं बरं दिसत नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार

तयारी पूर्ण. शोरूमची माणसं येतायत. मेहुण्यालाही बोलावलं. तो रोज जिमला जातो आणि मला बघितलं की पोट आत घेतो. त्याने यावंच. छोटं भाषण लिहिलंय, त्यात श्रेय चिमीलाही दिलंय.

चिमी संध्याकाळपासून दोनदा खोलीत आली आणि दारातूनच परत गेली. तिसऱ्यांदा म्हणाली की बाबा, माणसं नका बोलावू. म्हटलं, बापाचं कौतुक झालं तर लाजायचं काय त्यात? बायकोने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. आत कुणीतरी हसलं की खोकलं, कळलं नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार

पाटी लागली.

हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं. टाइल्सवाल्यांचा कोपरा. त्याखाली: इथे सायकलवरून उतरून चालावे.

मला वाटलं, रंगवणाऱ्याने दुसरीकडची ओळ चुकून इथे लिहिली. सायकलवाल्याने मग सगळ्यांसमोर समजावलं. जो जिथे जास्तीत जास्त आपटतो, त्याचं नाव त्या जागेला. चष्मेवाल्यांचा चष्मा अजून त्या उतारावर कुठेतरी आहे. डॉक्टर घळीतून निघाले ते स्ट्रेचरवर. ही नवी पाटी वनखात्याने माझ्या सुरक्षेसाठी मंजूर केली. माझा मूळ कापायचा अर्जही सोबत जोडला होता म्हणे.

मेहुणा इतका हसला की त्याचं पोट बाहेर आलं. नव्या सेल्समनने पाटीसकट माझा फोटो काढला. भाषण खिशात राहिलं.

चिमीला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, सगळ्यांना माहीत होतं. मग विचारलं, पुढच्या वळणावर तू दम लागून थांबायचीस ना. ती हेल्मेटचा पट्टा आवळत बसली. खोटं बोलायची सवय तिला नाही, तेवढी ती आईवर गेलेली नाही. माझ्यावरही नाही.

२३ नोव्हेंबर

शोरूमच्या बाथरूम विभागात कुणीतरी पाटी लावलीय. इथे उतरून चालावे. काढायला सांगणार नाही. अँटी-स्किडची विचारणा वाढलीय.

सायकल विकायची. ठरलं.

२९ नोव्हेंबर, रविवार

सायकल विकायला काढतो म्हणून उठलो, तर चिमी हेल्मेट घालून दारात उभी. म्हणाली, उशीर होतोय.

पाटीशी मी उतरलो. उतरणं भाग होतं, नाव माझंच आहे. आणि चिमीपण उतरली. ती झोपेत ते मूळ पार करेल. म्हटलं, तू जा पुढे. म्हणाली, पाटीवर लिहिलंय ना. दोघं सायकली हातात धरून झाडाला वळसा घालून चाललो. मी काही विचारलं नव्हतं. तिने आपणहून सांगितलं की बाहेरगावी जायचं म्हटलं की तिला रात्री झोप लागत नाही, आणि हे आईला सांगू नका. मूळ संपलं, सायकलवर बसलो, आणि पुन्हा तिचं हं सुरू.

सांगितलं नाही आईला. हे एक गुपित मी नक्की पाळणार.

६ डिसेंबर, रविवार

आजही चाललो. हॉस्टेलमध्ये तिच्या खोलीत कोण असणार ते कळलंय, आणि त्या मुलीबद्दल काहीतरी सांगायला तिने सुरुवात केली. तेवढ्यात चालायचा तुकडा संपला. म्हणाली, उरलेलं पुढच्या वेळी. फार छोटा आहे तो तुकडा. मुळापाशी मी मुद्दाम बुटाची नाडी सोडून बांधली, तरी पुरला नाही.

फाटकाशी शिट्टीवालीला नवा अर्ज दिला. पाटी बरीच अलीकडे आणावी, म्हणजे लोकांना जास्त चालता येईल, वृक्षांचं संरक्षण होईल वगैरे. तिने वाचलाही नाही. म्हणाली, माणूस जिथे पडतो तिथेच पाटी लागते.

म्हणजे उपाय आहे. अलीकडे पडायला हवं. या कामात तरी माझा हात कुणी धरणार नाही.

१३ डिसेंबर, रविवार

जागा हेरून ठेवली होती. पाटीच्या खूप आधी, पाचोळा मऊ. चिमीला म्हटलं, तू थांब मागे. हात ब्रेकवरून काढले, पायडल सोडलं आणि पडायची वाट बघत बसलो.

सायकल पडेना. उतार होता. मऊ पाचोळा गेला. पाटी गेली. मूळ समोर आलं तेव्हा डोळे मिटले. एक हिसका बसला. डोळे उघडले तर मी पलीकडे, सीटवर, अख्खा.

ब्रेक दाबायचा नव्हता, एवढंच होतं ते.

चिमीने टाळ्या वाजवल्या. पाटीजवळ उभ्या शिट्टीवालीनेही शिट्टी फुंकली, पण आजची वेगळी होती. चिमी मुळावरून सहज उडी मारून माझ्याजवळ आली, पाठीवर थाप दिली आणि म्हणाली, सुटलात बाबा, आता आपल्याला उतरायला नको. मग निघालीच. तिचं पिवळं हेल्मेट झाडांमधून थोडा वेळ दिसत राहिलं.

हॉस्टेलमधल्या त्या मुलीचं काय झालं ते राहूनच गेलं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, आज कुठे लागलं. म्हटलं, आज पडलोच नाही. मग तोंड असं का, म्हणाली. तिला सांगितलं, गुडघा दुखतोय.