बाबांच्या गाण्याची चाल

५ मार्च १९९७, वुडलँड्स
बाबा काल पहाटे गेले. दादाचा सोलापूरहून फोन. माझा पासपोर्ट रिन्यूअलला अडकलेला, परदेशातून जाणं शक्य नाही. सगळं उरकलं म्हणे. आज ऑफिसला गेलो. रॅफल्स प्लेसला मेट्रोतून उतरून नेहमीसारखी कॉफी घेतली. काही वाटत नाही. वाटायला हवं, एवढं कळतं.

८ मार्च
पुन्हा दादा. तेराव्याला संध्याकाळी गिरणीचे जुने कामगार शोकसभा घेणार. संपात बाबा गेटवर म्हणायचे ते गाणं हवंय त्यांना. लिहिलेलं कुठेच नाही. "तू त्यांच्या खांद्यावर बसून म्हणायचास. तुलाच येत असेल." चाल येते, शब्द नाहीत. बघतो म्हटलं.

१० मार्च
सुतकात गाणं नको, म्हणून बायको, वीणा, आमच्या मुग्धाला दटावत होती. पोरगी गुणगुणत होती ती नेमकी बाबांची चाल! कुठे शिकलीस, विचारलं. "स्कूलच्या फुटबॉल मॅचला चीअर करतो ना, दॅट वन लाह." इथल्या पोरांसारखं प्रत्येक वाक्याला 'लाह'. आजोबांचं गाणं आहे ते, म्हटलं. तिला पटलं नाही. उगाच चिडलो तिच्यावर.

१२ मार्च
लंचला ऑफिसातल्या लिमला चाल म्हणून दाखवली. म्हणाला, त्यांच्या चर्चमध्येही आहे. मूळ अमेरिकेतलं, फार जुनं. गुलामांना सोडवायला निघालेला एक म्हातारा फासावर गेला, सैनिक त्याच्या नावानं म्हणत कूच करायचे. पुढे ज्याला हवे त्यानं हवे ते शब्द बसवले.
म्हणजे बाबांनी चाल उचलली होती. जन्मभर समजत आलो की त्यांचीच. वाईट वाटलं. आठ दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं.

१५ मार्च
सुतक फिटलं. मुग्धाला चाल म्हणायला बसवलं, मी शब्द शोधत मागे मागे. दोन कडवी जमली. तिसऱ्यात गिरणीचा भोंगा होता, बाकी कोरं. उद्या सभा.

१६ मार्च
फोनवर म्हटलं. दादानं रिसीव्हर माईकला धरलेला. आवाज फाटत होता माझा. पाचसहा म्हातारे मागून म्हणू लागले, मग बरेच. दोन कडवी झाली, मी थांबलो. ते थांबले नाहीत. तिसऱ्याची पहिली ओळ ऐकली आणि लाइन तुटली.
तासभर लावतोय. एंगेज. वीणा म्हणते, जेवून घ्या. पुढची ओळ ऐकल्याशिवाय— फोन वाजतोय.